धान्य आमच्या घामाचे, भट्टी दुसऱ्याची

‘यांना मजुरी वाढवून देऊन उपयोग काय? सगळी दारूतच जाणार.’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेले असते. गावात बांधावर, शहरात कॅन्टीनमध्ये, कधी चक्क वर्गात. घराण्यात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलामुलींना त्यावर पटकन उत्तर देता येत नाही. घरातले नाहीतर भावकीतले कोणीतरी पीत असते. ती लाज तोंड बंद करते आणि बोलणारा जिंकतो.

या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पहिली, दारू ही पिणाऱ्याच्या स्वभावाची, फार तर त्याच्या जातीच्या ‘संस्काराची’ बाब आहे. दुसरी, मजुरी ही मालकाची मेहेरबानी आहे, त्यामुळे ती कशी खर्च होते हे तपासण्याचा हक्क त्याला आहे. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. दारू ही आधी शेतीच्या अर्थकारणाची गोष्ट आहे. त्यात धान्य येते, झाड येते, वाहतूक येते, कर येतो आणि मजुरी येते. एकाच्या हातात ती भांडवल होते आणि दुसऱ्याच्या हातातून मजुरी काढून नेते. यातले कोण कोणत्या बाजूला असेल, हे जमीन ठरवते, आणि आपल्याकडे जमीन जात ठरवते.

हे समजून घ्यायला आधी अमेरिकेतले एक उदाहरण पाहू आणि मग तंजावरला जाऊ.

घोड्यावरची व्हिस्की

अठराव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत पश्चिम पेनसिल्वेनियाच्या डोंगरपट्ट्यात छोटे शेतकरी राय नावाचे धान्य आणि मका पिकवत. बाजार पूर्व किनाऱ्यावर, मध्ये ॲलेगेनीचे डोंगर, आणि रस्ते जवळपास नाहीत. एका घोड्याच्या पाठीवर चार बुशेल धान्य जायचे. एवढे धान्य डोंगर ओलांडून नेले तर वाहतुकीतच त्याची किंमत संपायची. पण तेच धान्य आंबवून, गाळून व्हिस्की केली तर त्याच घोड्यावर सुमारे चोवीस बुशेल धान्याचा ऐवज मावायचा. ती नासत नसे, उंदीर खात नसत. नाणी दुर्मीळ होती, म्हणून देणीघेणीही व्हिस्कीत व्हायची. शेतमजुराची मजुरी व्हिस्कीत, दुकानदाराची उधारी व्हिस्कीत. उरलेला चोथा डुकरांना आणि गुरांना. म्हणजे भट्टी हे त्या शेतकऱ्याचे कोठार होते, बैलगाडी होती आणि बँकही होती.

1791 मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी या व्हिस्कीवर कर बसवला. कर रोख भरायचा होता. मोठ्या कारखानदाराला तो गॅलनमागे स्वस्त पडे, लहान शेतकऱ्याला महाग. शेतकऱ्यांनी बंड केले. 1794 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन सुमारे 13 हजारांची फौज घेऊन निघाले आणि बंड मोडले. पुढे तीनच वर्षांत, 1797 मध्ये, वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्नन या आपल्या जमिनीवर स्वतःची भट्टी घातली. 1799 मध्ये तिथे जवळपास 11 हजार गॅलन व्हिस्की निघाली. देशातल्या सर्वांत मोठ्या भट्ट्यांपैकी ती एक होती.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट सहसा इथे संपते. आपण पुढे विचारायचे, त्या भट्टीवर राबत कोण होते? सहा गुलाम. हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमोथी. टेनेसीतल्या ज्या जॅक डॅनियलच्या नावाची व्हिस्की आज जगभर विकली जाते, त्याला गाळण्याची विद्या शिकवणारा निअरेस्ट ग्रीन हाही गुलामगिरीतला माणूस होता. कंपनीने त्याचे श्रेय जाहीरपणे मांडायला 2016 साल उजाडले.

आणि गुलामाच्या वाट्याला जी दारू आली, ती कशी आली? गुलामगिरीतून पळून मुक्त झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 च्या आत्मकथनात ते सांगून ठेवले आहे. नाताळ ते नववर्ष या सुटीत मालक गुलामांना मुद्दाम भरपूर दारू पाजत. कोण जास्त पितो यावर पैजा लावत. त्यातून गुलामाला स्वातंत्र्याचीच शिसारी यावी आणि सुटी संपल्यावर त्याने निमूट शेतात परतावे, असा तो डाव असल्याचे डग्लस यांनी ओळखले होते.

तेव्हा एकाच देशात, एकाच काळात व्हिस्कीचे दोन अर्थ होते. ज्याची जमीन, धान्य आणि भट्टी स्वतःची, त्याला ती आधार होती. ज्याचे काहीच स्वतःचे नाही, त्याला ती बेडी होती. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना अर्पण केला. तिथले आणि इथले दुःख एका जातीचे आहे, हे त्यांनी फार आधी हेरले होते.

तंजावरचा मिरासदार

मराठी माणसाला तंजावर माहीत असते ते भोसल्यांमुळे. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तिथे मराठी गादी होती. सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरलेला मोठा मराठी शिलालेख, यांचा आपल्याला अभिमान वाटतो. पण मंदिराबाहेर पसरलेल्या कावेरीच्या भातशेतीकडे आपले लक्ष जात नाही. त्या शेतीचा मालक तिथे ज्या शब्दाने ओळखला जाई, तो शब्द आपल्या चांगला परिचयाचा आहे. मिरासदार. वतनासारखी पिढीजात मालकी असलेला हा मिरासदार मुख्यतः ब्राह्मण, वेल्लाळर, नायडू अशा जातींतला. शेतात राबणारे पळ्ळर आणि परैयर. त्यांना अडिमै, म्हणजे गुलाम म्हटले जाई. 1843 च्या कायद्याने कोर्टाने गुलामीला मान्यता देणे बंद केले, पण माणसे त्याच शेतात राहिली. त्यांचे नाव फक्त ‘पण्णैयाळ’, म्हणजे बांधलेला सालगडी असे झाले.

आता पेनसिल्वेनियाचा हिशेब इथे लावून पाहा. तिथे धान्य गाळावे लागले, कारण बाजार लांब होता आणि रस्ता नव्हता. तंजावरच्या भाताला ती अडचण नव्हती. त्रिभुज प्रदेश सपाट, कालवे जुने, पुढे रेल्वे आली, नागपट्टिणमचे बंदर जवळ. भात हे भात म्हणूनच विकले जाई आणि त्याचा पैसा मिरासदाराच्या घरी जाई. भाताची दारू करून आपले उत्पन्न वाढवण्याची गरज मालकाला नव्हती आणि मजुराला सोय नव्हती. कारण गाळण्यापुरते धान्य त्याच्याकडे उरतच नव्हते. त्याला मिळायचे ते मापाने मोजलेले दिवसाचे भात. ज्याच्या हाती फक्त मापभर भात पडते, त्याला मीठ, कापड, औषध आणि ताडी यांची किंमत त्याच मापातून काढून द्यावी लागते.

इथली दारू झाडावरून यायची. नारळाची माडी, ताडाची ताडी आणि ती किंवा गूळ आंबवून गाळलेले सारायम. झाड जमीनमालकाचे. झाडावर सरकारचा कर. दुकानाचा मक्ता लिलावात घेणारा कंत्राटदार. मद्रास इलाख्यात 1886 च्या अबकारी कायद्याने ही घडी पक्की केली. मालकाला झाडाचे भाडे मिळे, कंत्राटदाराला नफा, सरकारला महसूल आणि चढणाऱ्याला जीव धोक्यात घालून पोटापुरते. या सगळ्यांचे पैसे पुरवायचा तो ताडी पिणारा मजूर. सकाळी मालकाने मोजून दिलेल्या मजुरीतला एक हिस्सा संध्याकाळी त्याच वर्गाकडे परत जायचा. ‘सगळी दारूतच जाते’ असे म्हणणाऱ्याला विचारायला हवे, ती जाते ती कोणाकडे?

आपल्याकडचा इतिहास याहून वेगळा नाही. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याने घरगुती भट्टी गुन्हा ठरली. 1892 च्या मोहाच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या आदिवासींना मोहाची फुले बाळगण्यावरच बंधने आली. फुले जंगलातली, वेचणारे हात आदिवासींचे, विद्याही त्यांचीच. पण गाळण्याचा हक्क मक्तेदाराचा. स्वतः गाळणारा माणूस एका फटक्यात गुन्हेगार झाला आणि गिऱ्हाईकही झाला.

अर्ध्या मापाची किंमत

मजुराला त्याच्या दारूवरून नावे ठेवणाऱ्या समाजाने त्याची मजुरी कशी ठरवली, तेही पाहू. तंजावरच्या पूर्व भागात 1940 च्या दशकात किसान चळवळ उभी राहिली, ती पण्णैयाळांना मिळणारे चाबकाचे फटके आणि शिक्षा म्हणून पाजले जाणारे शेणपाणी, यांच्याविरुद्ध. 1952 मध्ये तंजावरच्या कुळांसाठी आणि पण्णैयाळांसाठी खास संरक्षण कायदा करावा लागला. तरीही 1968 मध्ये प्रश्न तोच राहिला. कीळवेण्मणी गावातल्या दलित मजुरांनी मजुरीत थोडे जास्त भात मागितले, अर्ध्या मापाच्या हिशेबाने. 25 डिसेंबरच्या रात्री एका झोपडीत आसऱ्याला शिरलेल्या 44 जणांना जाळून मारण्यात आले. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. आरोपी जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून सुटले.

त्या 44 जणांना कोणी दारूवरून मारले नाही. मजुरीवरून मारले. मद्रास राज्यात तेव्हा दारूबंदी होती. म्हणजे दारू नव्हती, तरीही अर्धे माप वाढवून मिळाले नाही. ‘मजुरी वाढवली तर पिऊन टाकतील’ हा युक्तिवाद किती पोकळ आहे, याचा यापेक्षा मोठा पुरावा शोधायची गरज नाही.

ती दारूबंदी कोणी आणली? राजाजींनी. 1937 मध्ये सेलम जिल्ह्यापासून सुरुवात झाली आणि 1948 पर्यंत ती सगळ्या मद्रास प्रांतात लागू झाली. बुडालेला महसूल भरून काढायला 1939 मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आला, देशातला पहिला. पुढे 1953 मध्ये याच राजाजींनी मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात घालवावा अशी शिक्षण योजना आणली. लोकांनी तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे जातीधंद्याचे शिक्षण म्हटले आणि ती हाणून पाडली. मजुराचा पेला काढून घ्यायचा, पण त्याच्या मुलाच्या हातातले खुरपे तसेच ठेवायचे, ही ती सुधारणा होती. दारू पुढे परत आली, पण तिच्या नावाने आलेला विक्रीकर काही गेला नाही. गरिबाने दोन्हीकडून भरले.

म्हणून आपल्या परंपरेत दारूवर एकच एक सूर नाही आणि त्याची लाज वाटायचे कारण नाही. फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना 1880 मध्ये शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला. पेरियारांनी गांधीवादी काळात आपल्या मळ्यातली शेकडो नारळाची झाडे तोडली आणि पुढे तेच सक्तीच्या दारूबंदीविरुद्ध बोलू लागले. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने 1951 च्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करून अबकारीचा महसूल राज्याच्या कामी आणावा अशी भूमिका घेतली. संविधान सभेत नोव्हेंबर 1948 मध्ये दारूबंदीच्या कलमावर चर्चा झाली तेव्हा मद्रासचे दलित सदस्य मुनिस्वामी पिल्ले बाजूने बोलले, तर जयपालसिंग मुंडा विरोधात. मुंडांचा मुद्दा थेट शेतीचा होता. दिवसभर चिखलात उभे राहून भात लावणाऱ्या संथाळाला तांदळाची हंडिया मिळाली नाही तर बंगालात भाताची लावणीच होणार नाही, असे त्यांनी सुनावले. यांच्यात फरक होता तो उपायाचा. पण कष्टकऱ्याच्या वतीने दुसऱ्याने नीतिमत्ता ठरवावी, हे यातल्या कोणालाच मान्य झाले नसते.

बाटली सरकारची, मळी कोणाची?

आजचे चित्र वरवर वेगळे दिसते. तमिळनाडूत 1983 मध्ये टास्मॅक हे सरकारी महामंडळ आले. 1987 पासून सारायम आणि ताडी बंद झाली. 2003 मध्ये किरकोळ विक्रीही टास्मॅककडे गेली. आज झाडावरून काढलेली ताडी विकणे गुन्हा आहे आणि कारखान्यात मळीच्या अल्कोहोलपासून बनलेली बाटली सरकारी दुकानात मिळते. 2023-24 मध्ये या विक्रीतून राज्याला 45 हजार कोटी रुपयांहून जास्त मिळाले. राज्याच्या स्वतःच्या करउत्पन्नाचा हा सुमारे चौथा हिस्सा. त्याच राज्यात सप्टेंबर 2023 पासून एक कोटीहून जास्त बायकांना महिना 1000 रुपये मिळतात. ते मिळावेत, त्यांचा तो हक्क आहे. पण नवऱ्याच्या मजुरीतून गेलेले बायकोच्या खात्यात थोडे परत आले, एवढ्याला कल्याणकारी राज्य म्हणून मिरवता येणार नाही.

या बाटलीची सुरुवात उसापासून होते. तंजावर जिल्ह्यातल्या तिरुमंडनकुडीचा तिरु आरूरन हा खाजगी साखर कारखाना दिवाळखोरीत गेला आणि काल्स डिस्टिलरीज या मद्य कंपनीने तो घेतला. 2022 च्या अखेरीस ऊस शेतकरी कारखान्यापुढे धरणे धरून बसले आणि वर्षाहून अधिक काळ बसून राहिले. उसाची थकबाकी द्या आणि जुन्या व्यवस्थापनाने आमच्या नावावर बँकांतून उचललेली कर्जे फेडा, ही त्यांची मागणी. पेनसिल्वेनियाच्या शेतकऱ्याची भट्टी स्वतःची होती. इथे भट्टी कंपनीची, बाजार सरकारचा आणि शेतकऱ्याच्या नावावर फक्त कर्ज. जमीन असलेल्याची ही गत, तर ऊस तोडणाऱ्या भूमिहीनाचा या हिशेबात उल्लेखही नाही.

महाराष्ट्राने हा खेळ 2007 मध्ये पाहिला आहे. ज्वारी, बाजरीपासून दारू केली तर कोरडवाहू शेतकऱ्याला भाव मिळेल, असे सांगून सरकारने अशा कारखान्यांना लिटरमागे 10 रुपये अनुदान देण्याचे धोरण आणले. युक्तिवाद जुन्या अमेरिकेचाच होता. फरक एवढाच की परवाने ज्वारी पिकवणाऱ्याच्या नावावर नव्हते. ते राजकीय घराण्यांच्या आसपास गेले, आणि त्यावरच गदारोळ उठला.

आणि ज्याला सरकारी बाटलीही परवडत नाही, तो कुठे जातो? जून 2024 मध्ये तंजावरच्या उत्तरेला कळ्ळकुरिची शहरातल्या करुणापुरम वस्तीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन साठाहून अधिक माणसे मेली. बहुतेक रोजंदारीवरची, त्यांत दलित मोठ्या संख्येने. दुसऱ्याच दिवशी तेच जुने वाक्य नव्या रूपात आले. ‘दारू पिऊन मेलेल्यांना 10 लाखांची मदत कशाला?’

मग आपली भूमिका काय?

दारू नुकसान करते, हे आपल्याला दुसऱ्याने सांगण्याची गरज नाही. आपल्या आयांनी आणि बहिणींनी ते अंगावर झेलले आहे. प्रश्न असा आहे की तिच्याविरुद्धची लढाई कोणाच्या हातात असावी.

त्याचे एक उत्तर तंजावरच्याच मजुरांच्या भाऊबंदांनी देऊन ठेवले आहे. नागपट्टिणमच्या बंदरातून हजारो तमिळ मजूर मलायाच्या रबर मळ्यांत गेले. मळ्यांवर ताडीची दुकाने होती. मजुरी मळ्यात मिळायची आणि मळ्यातच संपायची. 1946-47 मध्ये केडा भागातल्या मजुरांनी ‘तोंडर पडै’ नावाचे स्वयंसेवक दल उभारले आणि ताडीच्या दुकानांसमोर उभे राहून ती बंद पाडायला सुरुवात केली. मजूर प्यायला लागला की मालकाला आणि सरकारला चालत होते. मजुराने पिणे सोडले आणि संघटना केली, तेव्हा मात्र पोलीस आले. अलीकडे, 2 ऑक्टोबर 2024 ला, विडुदलै चिरुत्तैगळ कट्चीने कळ्ळकुरिची जिल्ह्यातच उळुंदूरपेट्टै इथे दारूबंदीसाठी महिलांची परिषद घेतली. ती मागणी सगळ्यांना पटेल असे नाही. पण ती वस्तीतल्या बायकांच्या तोंडून आली, वरून उपदेश म्हणून आली नाही.

माझे मत असे. दारूबंदी हवी की नको, या एका प्रश्नात आपल्याला अडकवून ठेवले जाते. त्याआधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. मजुरी रोख आणि वेळेवर मिळते का? किमान वेतन कागदावर आहे की हातात? ताड, माड आणि मोह यांच्यावर राबणाऱ्यांना त्या उत्पादनाचा परवाना सहकारी संस्थेच्या रूपाने का मिळू नये? कारखान्याच्या भट्टीला परवाना मिळतो, तर झाडावर चढणाराच गुन्हेगार का? दुकान वस्तीच्या तोंडाशी नको, असे ग्रामसभेतल्या बायकांनी ठरवले तर तो ठराव का पाळला जात नाही? आणि अबकारीतून येणाऱ्या पैशातला किती वाटा त्याच वस्त्यांतल्या दवाखान्यांवर, व्यसनमुक्ती केंद्रांवर, वसतिगृहांवर आणि शिष्यवृत्तीवर खर्च होतो? हे आकडे अर्थसंकल्पात असतात, माहितीच्या अधिकारात मागता येतात. पदवी असलेल्या माणसाने हे काम करायला हवे. घरातल्या पिणाऱ्याला शिव्या देऊन आपण त्याच्यापेक्षा वेगळे आहोत, असे सिद्ध करत बसण्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचे आहे.

घरात त्याला थांबवायचेच आहे, जरूर थांबवावे, हक्काने थांबवावे. पण बाहेर कोणी त्याच्या पेल्याकडे बोट दाखवून त्याची मजुरी कापायला निघाला, तर गप्प बसू नये. जमीन कोणाची, झाड कोणाचे, भट्टी कोणाची आणि महसूल कोणाचा, एवढे चार प्रश्न त्याला शांतपणे विचारावेत. चौथ्या प्रश्नापर्यंत तो सहसा पोचत नाही.